उजवीकडं वळायचं होतं

…न्हाई, पण मी काय म्हणतो, सरळच जायचं होतं तर उजवं इंडिकेटर लावलंस कशाला रे बाबा? आणि उजवीकडं वळायचं होतं तर डाव्या कडंला, पार नालीला चिकटून कशाला उभा राहिलास? आणि कुठंच जायचं नव्हतं तर सगळ्यांच्या पुढं येऊन, त्या पांढऱ्या पट्ट्यावर बूड टेकून, चौकात काय हवा खायला आलास? तुम्हाला सांगतो, हे प्रश्न माझे न्हाईत. हे आमच्या पंढरी गजभारेचे हायत, आणि ते त्यानं लातुरातल्या एका चौकात, काचा वर करून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून विचारले. चौकाचं नाव सांगत न्हाई. उगं तिथले लोक नाराज होतील. तुम्ही ज्या चौकात रोज अडकता तोच धरा, काही फरक पडत न्हाई.

पंढरी बिलोलीचा. जन्मभर कारकुनी केली, रिटायर झाला, आणि लोक जसे रिटायर झाल्यावर बाग लावतेत तशी यानं गाडी घेतली. सेकंडहँड, पांढरी, बारकी. आणि घेतली ती घेतली, वर सिद्धेश्वरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन रीतसर शिकला! आमच्याकडं कोण शिकतंय हो? मेहुण्याची जीप शेतात दोनदा फिरवली की झाला ड्रायव्हर. पण पंढरीचं तसं न्हाई. सिद्धेश्वरनं त्याला सांगितलं, "साहेब, आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. एवढं लक्षात ठेवा आणि जगात कुठंही जावा." जगात कुठंही! आता लातूर जगात येत न्हाई, हे त्या सिद्धेश्वरनं आधी सांगायला नको?

तर पंढरी आपल्या गल्लीत वळतानाबी इंडिकेटर लावायचा. रिकाम्या गल्लीत! समोर एक कुत्रं झोपलेलं, त्याला कळावं म्हणून. शेजारचा बजरंग दोन-तीनदा बाहेर आला, "पंढरीराव, तुमची मागची लाईट बिघडली वाटतं, सारखी लुकलुक करायलीय." हे आमचं गाव. बिलोलीत सिग्नलच न्हाई, तर चुकणार कोण आणि धरणार कोण?

आणि हा माणूस त्या दिवशी निघाला लातूरला. का? तर लुंबिनीसाठी.

लुंबिनी त्याची एकुलती एक. नर्सिंग केलेली, परीक्षा दिलेली, आणि नंबर असा काढला की गल्लीत पेढे वाटले. आता राहिलं होतं ते समुपदेशन. नाव मोठं हाय, पण गोष्ट सोपी. सगळ्यांना एका ऑफिसात बोलवतेत, रिकाम्या जागा वाचून दाखवतेत, मग नंबराप्रमाणं नाव पुकारतेत. नाव आलं की उठायचं आणि सांगायचं, मला अमक्या गावचा दवाखाना पाहिजे. हजर न्हाई? नंबर गेला शेवटी! मग जे उरंल ते. आणि बिलोलीच्या दवाखान्यात जागा किती? एक. फक्त एक. पंढरीनं तर जाऊन तिथल्या शिपायाला सांगूनबी ठेवलं होतं, "माझी पोरगी येऊन राहिली, खुर्ची जरा बरी बघून ठेव." घरात तिची खोली रंगवली. महादेवी, म्हणजे त्याची बायको, ती म्हणली, "अहो, रंग कोणता पाहिजे ते तिला तर विचारा." हा म्हणला, "तिला काय विचारायचं? तिला आवडंल तेच घेतलंय की!"

लुंबिनी म्हणली होती, "पप्पा, मी एसटीनं जाते." तर हा केवढ्यानं! "एसटीनं? दारात गाडी असताना? मी स्वतः सोडणार, ऑफिसच्या गेटात." निघाले तिघं पहाटं. पुढं पंढरी आणि लुंबिनी, मागं महादेवी, तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा. नांदेड गेलं, लोह्यात चहा झाला, अहमदपूर गेलं, सगळं झ्याक! नावं अकराला चालू होणार, आणि लातूरला आले तेव्हा हातात चांगली पंधरा-वीस मिनिटं होती. आणि आला तो चौक. उजवीकडं वळलं की ऑफिसचा रस्ता. नुसतं वळायचं. इथून वळण दिसायलंय, वळणावरचं मेडिकल दिसायलंय, मेडिकलवाला जांभई द्यायलाय ती दिसायलीय.

पंढरीनं आरसा बघितला. इंडिकेटर लावलं. उजव्या लाइनीत, डिव्हायडरला लागून, शिकवल्याप्रमाणं थांबला. लाल दिवा. टिक… टिक… टिक…

लागला हिरवा! पंढरीनं क्लच सोडला, गाडी हातभर पुढं सरकली, आणि डाव्या बाजूनं, पार डाव्या बाजूनं, एक ऑटो आला तो याच्या नाकासमोरून उजवीकडं! इंडिकेटर न्हाई, हात न्हाई, ड्रायव्हरनं डावा पाय तेवढा बाहेर काढला. डावा पाय! आणि वळला उजवीकडं! पंढरीनं दाबला ब्रेक. ऑटोच्या मागून एक जीप, तिचं उजवं इंडिकेटर चालू, म्हणून पंढरी म्हणला, बरं हाय, हिच्या मागं मागं आपण वळू. जीप गेली सरळ! ते इंडिकेटर अहमदपूरपासून चालू असंल, तिला त्याचा पत्ताच न्हाई. मग एक मोटरसायकल, एका खांद्यावर मान वाकडी करून फोन धरलेला, आणि त्यानं उजवा हात बाहेर काढला. आता हा वळायलाय का थांबायलाय? पंढरी थांबला. तो थुंकला. थुंकला आणि डावीकडं गेला!

लाल.

मागून भोंगे. मागच्या गाडीतला तर असा वाजवायला जसं काय वरातच अडलीय. "ओ मामा, झोपलाव का!" लुंबिनी घड्याळाकडं बघायली. महादेवी मागून म्हणली, "अहो, तुम्हीबी घाला की मधी. सगळे घालायलेत."

"सगळे घालायलेत म्हणून मी घालू? नियम हाय काही का न्हाई?"

"नियम त्यांनाबी हाय की."

 टिक… टिक… टिक…

दुसऱ्या हिरव्याला काय झालं सांगतो. या वेळी पंढरी तयारीत. गाडी पहिल्या गिअरात, डोळे दिव्यावर. हिरवा लागला, आणि समोरून सगळं गाव सुटलं याच्या अंगावर! ज्यांना सरळ यायचं त्यांना आधी जाऊ द्यायचं, असं सिद्धेश्वरनं शिकवलेलं. यानं जाऊ दिलं. एक गेला, दुसरा गेला, एकानं तर चारी लाईटा लुकलुकवत नेली. चारी लाईटा म्हणजे काय म्हणायचं तुला? चारी दिशांना चाललास? मग एक उसाची ट्रॉली, नुसती ट्रॉली न्हाई, दोन ट्रॉल्या एकामागं एक, तिनं चौकाच्या मधोमध यू-टर्न घेतला. अहो, तिला वळायला आख्खं पटांगण पाहिजे! ती निम्मी वळली आणि तिथंच अडली, कारण तिच्या पोटाखालून चार मोटरसायकली निघायल्या होत्या.

लाल.

तिथं छत्रीखाली हवालदार उभा होता. आला तरातरा. काचंवर टकटक.

"काका, वळा की!"

"कुठून वळू साहेब? जागा द्या, वळतो."

"मग सरळ जावा!"

"सरळ न्हाई जायचं. उजवीकडं जायचंय. इंडिकेटर लावलंय की."

हवालदारानं वाकून त्या इंडिकेटरकडं असं बघितलं, जशी एखाद्याच्या घरी जुनी पितळी समई बघावी. म्हणला, "लावलंय खरं." आणि गेला परत छत्रीखाली.

टिक… टिक… टिक…

आता बघा, पुढं वाट न्हाई, मागं भोंगे, उजवीकडं डिव्हायडर, डावीकडं त्या अडलेल्या उसाच्या ट्रॉलीचं शेपूट, तिचं एक एक टिपरं महादेवीच्या काचंला घासायलेलं. दार उघडावं तर उघडत न्हाई. काच खाली करावी तर धूर. एसी लावावा तर गाडी गरम होतीय. आणि अशा टायमाला, तुम्हाला सांगतो, अशा टायमाला ती पोरगी बोलली.

"पप्पा, एक सांगू?"

"सांग की."

"मला बिलोली नको."

पंढरीला वाटलं ट्रॉलीच्या आवाजात काहीतरी वेगळंच ऐकू आलं. "काय?"

"बिलोली नको मला. इथल्या मोठ्या दवाखान्यात जागा हाय. बारक्या लेकरांचा वॉर्ड हाय तिथं, नुकत्या जन्मलेल्यांचा, काचंच्या पेटीतल्या. मला तिथं काम शिकायचंय. आपल्याकडं ते न्हाई. आपल्याकडं अवघड बाळ आलं की नांदेडला पाठवा म्हणून चिठ्ठी लिहायची. मी चिठ्ठ्या लिहायला शिकले न्हाई पप्पा."

आता मला सांगा, हे घरी बोलली असती तर हा उठून ओट्यावर गेला असता. बजरंगकडं जाऊन बसला असता. चप्पल घातली असती आणि "आलो जरा" म्हणला असता. इथं कुठं जाणार? पट्टा बांधलेला! रोज जेवताना बाप-लेक समोरासमोर बसतेत, पण तिथं भाजीत मीठ किती हे बोलता येतं. इथं काय बोलणार? दिव्याचे आकडे मोजत बसला. आकडे उलटे चाललेले, आणि ते संपूच नयेत असंबी वाटायलं आणि कधी एकदा संपतेत असंबी वाटायलं.

शेवटी मागं वळून म्हणला, "तुला माहीत होतं?"

महादेवी डब्याचं झाकण घट्ट करायली होती. घट्टच होतं ते. म्हणली, "मला रंग लावतानाच माहीत होतं."

"मग मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही थांबलाव कधी?" ती म्हणली. "आज थांबलाव, तर सांगितलं."

लागला हिरवा. पंढरीनं गाडी सोडलीच न्हाई. सोडली असती तरी काय? डावीकडून परत तेच, ऑटो, जीप, एक माणूस तर गॅसची टाकी मांडीवर घेऊन उजवीकडं गेला. मागचा भोंगेवाला खाली उतरून शिव्या द्यायला. टिक टिक टिक आपलं चालूच. लाल.

लुंबिनी म्हणली, "पप्पा, अकरा वाजून गेले. नावं चालू झाली असतील." आवाज असा बारीक झालेला. "शेवटी गेला नंबर तर ना बिलोली ना लातूर. कुठंतरी डोंगरात टाकतील."

"चालत जा," महादेवी म्हणली.

"मम्मी, दूर हाय. वळल्यावर पुढं बरंच जायचंय."

आणि तेवढ्यात, धाड! उजव्या आरशाला काहीतरी आदळलं. बघतोय तर एक स्कूटी. डिव्हायडर आणि गाडी यांच्यात वीतभर जागा न्हाई, तिथून ही बाई शिरलेली! तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसायलेत, पुढं पायाशी डब्याची पिशवी, हँडलला दोन्हीकडं पिशव्या, आणि एका पिशवीनं याचा आरसा पार आत दुमडून टाकलेला. जाऊन उभी कुठं राहिली? तर बरोब्बर याच्या बोनेटपुढं, तोंड उजवीकडं, चाक पट्ट्याच्या पुढं.

झालं! सकाळपासूनचं सगळं त्या बाईवर निघालं. पंढरीनं काच खाली केली.

"ओ बाई! ही काय पद्धत हाय? वळायचंय तर इंडिकेटर लावता येत न्हाई का?"

बाईनं ओढणी खाली केली. चाळिशीची असंल. ना राग, ना लाज. म्हणली, "काका, इंडिकेटर लावलं की लोकांना कळतंय ना मी कुठं चाललेय. मग आडवे येतेत!"

 तुम्हाला सांगतो, मी यावर लई विचार केला. आठवडाभर केला. मला अजून उत्तर सापडलं न्हाई.

लुंबिनीनं बापाच्या अंगावरून वाकून खिडकीतून विचारलं, "ताई, कुठं चाललाव?"

"डबे द्यायला. सरकारी ऑफिसं हायत ना पुढं, तिथं."

"नर्सांचं समुपदेशन चालू हाय, तिथं?"

"त्याच गेटात डबे देते की. लई पोरी आल्यात आज. यायचंय तर बस मागं."

आता लुंबिनी बापाकडं बघायली. हे बघा, ती काही बोलली न्हाई. बोलली असती तर पंढरीला सोपं गेलं असतं, न्हाई म्हणता आलं असतं. तिनं नुसतं बघितलं. पुढं ती बाई, जिला एक नियम माहीत न्हाई. आत हा, ज्याला सगळे माहीत हायत आणि जो चौकात आल्यापासून हातभराच्या वर सरकला न्हाई. आणि त्याच्या डोक्यात काय आलं म्हणून सांगू? त्यानंच मला सांगितलं. त्याच्या मनात आलं, आपण नुसतं गप्प बसलो तरी चालतंय. गप्प बसलो, दोन सिग्नल अजून गेले, तर लातूरची जागा जाईल. मोठ्या दवाखान्यावर सगळ्या तुटून पडतेत. बिलोलीला कोण येतंय? बिलोली उरंल. पोरगी घरी राहील, रंगवलेल्या खोलीत. काही करायचंबी न्हाई. फक्त नियमानं उभं राहायचं!

दिव्याचे आकडे उतरत चाललेले.

पंढरीनं लुंबिनीचा पट्टा स्वतःच्या हातानं सोडला. म्हणला, "फाईल घेतलीस का?"

"हाव."

"मग बस तिच्या मागं. आणि त्या बाईला घट्ट धर. ती कुठून नेईल सांगता येत न्हाई."

पोरीच्या बाजूचं दार काही उघडंना, तिकडं ऊस. मग ती बापाच्या मांडीवरून, गिअरवरून, कशीबशी त्याच्या खिडकीतून बाहेर निघाली, तिची चप्पल त्याच्या भोंग्यावर पडली, भोंगा वाजला. जन्मात पहिल्यांदा पंढरीचा भोंगा चौकात वाजला! हवालदार छत्रीखालून ओरडला, "ओ काका, शांतता ठेवा!"

आणि मग हिरवा लागायच्या आधी, चांगला आधी, ती स्कूटी सुटली. अहो, काय गेली! आडव्या एसटीच्या पुढून गेली, ट्रॉलीच्या मागून गेली, मेडिकलच्या पायरीवरून गेली, मेडिकलवाल्याची जांभई अर्ध्यात राहिली, आणि तिथून उलट्या बाजूनं, समोरून येणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर, लुंबिनीची ओढणी मागं फडफडायली, एका हातात फाईल, एका हातात कुणाचातरी डबा… गेली. दिसेनाशी झाली. एक नियम पाळला न्हाई. एकबी न्हाई!

महादेवी म्हणली, "पोचंल बघा."

पंढरीनं हात बाहेर काढला. दुमडलेला आरसा सरळ केला. त्यात मागचा भोंगेवाला दिसायलेला. टिक… टिक… टिक…

मग काय झालं? मग हवालदारालाच दया आली, का कंटाळा आला. त्यानं शिट्टी मारली, दोन्ही हात करून इशारा केला, चला, चला, सरळ चला! मागून भोंगे, बाजूनं ट्रॉली, आणि पंढरीची गाडी लोंढ्यात निघाली सरळ. उजवं इंडिकेटर चालू, आणि निघाली सरळ! आता मागचा कुणीतरी नक्की म्हणला असंल, सरळच जायचं होतं तर इंडिकेटर लावलं कशाला रे बाबा?

पुढं मारतो वळसा, हा म्हणला. पुढच्या चौकात उजवीकडं वळायला मनाई. त्याच्या पुढं डिव्हायडरला फट, पण त्या फटीतून उलटे येणारे इतके, की आपण गेलो तर ते कुठून येणार? मग पूल, पुलाखाली भाजीच्या गाड्या. मग गाव संपलं. रस्ता मात्र चांगला, मोठा, मोकळा. आणि खरं सांगू का, पुढं एक-दोन फटी चांगल्या मोकळ्या होत्या. महादेवीनं बघितल्या. ती बोलली न्हाई. पंढरीनं बघितल्याच न्हाईत. तो म्हणायला, "त्या काचंच्या पेटीत लेकरं किती बारकी असतेत गं?"

"ओंजळीएवढी असतील."

"मग तिला सांभाळता येतील?"

"तुमची पोरगी हाय. हळूच धरंल."

 उजव्या बाजूला नुसतं टिक… टिक… चालू होतं, ते महादेवीनं मागून वाकून बंद केलं.

मग एका झाडाखाली गाडी थांबवली, दशम्या काढल्या, तेवढ्यात फोन. पंढरीनं स्पीकरवर टाकला.

"पप्पा! वेळेत पोचले! मी दारातून आत चाललेय आणि माझंच नाव पुकारायलेत! त्या वर्षाराणीताईनं, त्यांचं नाव वर्षाराणी हाय, त्यांनी गेटातूनच ओरडून सांगितलं, 'थांबा हो, आलीय पोरगी!' सगळे हसले पप्पा!"

"बरं," पंढरी म्हणला. घास हातातच. "मग कोणतं घेतलंस?"

तिकडून आधी नुसता गेटातला गलका. मग, "लातूर."

महादेवीनं नवऱ्याकडं बघितलं. तो समोर बघायलेला. रस्त्याच्या पलीकडं एक जुना बुरूज दिसायला, त्याच्यावर पोपट बसलेले.

"चांगलं केलंस," तो म्हणला.  "चांगलं केलंस माय. खोलीचं काय, खोलीत मी बसतो."

"तुम्ही कुठं हाव पण? मी गेटात उभी हाय. वळलाव का?"

पंढरीनं बोर्ड वाचला. परत वाचला. मग जरा हळूच म्हणला, "औश्यात हाव."

"औश्यात? पप्पा, औसा तर लातूर सोडून पार…"

"तुझ्या मम्मीला किल्ला बघायचा होता," तो म्हणला. मागून महादेवी म्हणली, "मी कधी म्हणले?"

लुंबिनीला हसू का रडू झालं. म्हणली, "बरं, ऐका. मी एसटीनं येते तिकडं. तुम्ही तिथंच थांबा पप्पा, झाडाखाली. आता कुठंही वळू नका!"

पंढरीनं दशमीचा घास तोंडात घातला, शांतपणे चावला आणि म्हणला, "ये सावकाश. मला वळू देतंय कोण?"